न मागता द्यायचे पाणी

विश्रांतवाडी, पुणे
एप्रिल २००६, सोमवार

प्रिय बुद्धभूषण,

सप्रेम जयभीम.

माझ्या अक्षरातला लिफाफा पाहून तुला आधी आश्चर्य वाटेल आणि मग धास्ती, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो: मी हे लिहीत असताना तुझी आई भिंतीपलीकडे आहे, शुद्धीवर आहे आणि जागी आहे. फोन असताना पत्र कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. आपला फोन तिच्या उशाशी असतो. तुझा आवाज तिच्या कानावर पडावा म्हणून तूच तो तिथे हलवलास. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की तिला न ऐकवता तिच्याविषयी बोलण्याची सोय या घरात उरली नाही. तिचा उजवा हात गेला, वाचा गेली. कान गेलेले नाहीत. टेलिफोन खात्यात आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडून दिलेल्या बाईचे कान आहेत ते. मी तुला 'ठीक आहे' म्हणतो तेव्हा ती डोळे मिटून घेते. दुसरे कारण असे, की मला एक सलग युक्तिवाद मांडायचा आहे आणि फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस. तिसरेही एक कारण आहे. ते युक्तिवादाच्या शेवटी येते, म्हणून शेवटीच सांगेन.

प्रश्न एका वाक्यात मांडता येतो. तुझ्या आईला तोंडाने पाणी द्यायचे की नाही? तू म्हणतोस, नाही. इस्पितळाने म्हटले, नाही. गेला महिनाभर मीही नाही म्हणत आलो आहे, आणि नुसता म्हणत नाही, तसे करत आलो आहे. ते कसे करतात हे तुला परदेशात बसून, तिच्या खोलीत बसवलेल्या कॅमेऱ्यातूनही दिसत नाही, म्हणून लिहितो. नाकातल्या नळीतून तिला गाळलेली पेज, दूध आणि पाणी मिळते. शरीराला पाणी कमी पडत नाही, हे डॉक्टरांनी मला समजावले आणि मला ते पटले. कोरडे राहते ते तोंड. त्यासाठी ओल्या गॉजने तिचे ओठ आणि जीभ पुसायची असते. पहिले काही दिवस ती स्वस्थ पुसून घेई. आता ती गॉज दातांत धरते आणि चोखते. तो सोडवून घ्यावा लागतो. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाने बायकोच्या दातांतून ओले फडके ओढून काढायचे, आणि ते तिच्याच भल्यासाठी आहे हे स्वतःला पटवत राहायचे. मी ते पटवू शकतो. पटवणे हाच माझा व्यवसाय होता.

तिची नळी दोनदा निघाली, हे तुला ठाऊक आहे. निघाली नव्हती, तिने डाव्या हाताने उपसली होती. म्हणून झोपताना तो हात मऊ पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधायचा, अशी सूचना आहे. पट्टीखाली एक बोट जाईल इतकी सैल गाठ हवी. ती गाठ मला बरेच दिवस जमत नव्हती. सैल झाली तर हात सुटे, घट्ट झाली तर बोटे निळसर पडत. आता जमते. मी पट्टी घेऊन खाटेजवळ गेलो की ती हात स्वतःहून पुढे करते. हे मी तुझ्या मनात कणव यावी म्हणून लिहीत नाही. निर्णयाची सामग्री पुरी असावी, एवढ्यासाठी लिहितो.

आता मागे जाऊ. संक्रांतीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला, इस्पितळात ती सावरली, आणि फेब्रुवारीत आपण तिला प्रथम घरी आणले. इस्पितळातून घरी येणे म्हणजे बरे होणे, अशी माझी समजूत होती. शब्दांची छाननी करण्यात आयुष्य घालवूनही ही समजूत मी कधी तपासली नव्हती. वॉर्डात तिच्याभोवती तीन पाळ्यांच्या परिचारिका होत्या, घशातला कफ ओढून घेणारे यंत्र होते, भिंतीतून येणारा प्राणवायू होता. लिफ्टचे दार बंद झाले आणि ज्याला चहासुद्धा धड करता येत नाही अशा एका माणसावर ते सारे येऊन पडले. वॉर्डातल्या सिस्टरने सूचना घाईत सांगितल्या, पण बरोबर सांगितल्या, हे मी मुद्दाम नोंदवतो. दह्याइतके घट्ट असेल ते चमच्याने द्या. पाणी, चहा, सरबत, शहाळे, काही नको. पातळ पदार्थ अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत उतरेल. त्या खाटेवर येणारा पुढचा पेशंट स्ट्रेचरवर दाराशीच थांबलेला होता. त्याची मुलगी आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती नजर मी ओळखली. जानेवारीत मीही कुणाकडे तरी तसाच पाहत उभा होतो, की हे लोक उठतात केव्हा. सिस्टरचा दोष नाही आणि त्या मुलीचाही नाही. इस्पितळाची जबाबदारी फाटकाशी संपली. नर्सिंग ब्यूरोने पाठवायच्या नर्सची जबाबदारी दुसऱ्या दिवशी सकाळी, ती आल्यावर, सुरू होणार होती. मधल्या काळात तुझी आई कुणाची पेशंट होती, याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

त्या सकाळी काय झाले ते तुला माहीत आहे, पण तू ते ज्या क्रमाने सांगतोस त्यात एक विधान गाळतोस, म्हणून पुन्हा मांडतो. द्वारका मावशी लोणी काळभोरहून मदतीला आली होती. नर्स दारात आली; प्रियदर्शनी, भंडाऱ्याकडची, बिचारी दोन बस बदलून आलेली. द्वारकाने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. कारण या घरात तसेच करतात. या घरात 'पाणी हवे का' असे कुणाला विचारत नाहीत. माणूस आत आला की पेला त्याच्यासमोर ठेवायचा, तो प्यायला तर प्यायला. ही रीत तुझ्या आजोबांची. त्यांच्या लहानपणी गावात पाणी मागावे लागे, मागून वाट पाहावी लागे, आणि कुणी वरून ओतले तर ओंजळीने प्यावे लागे. त्याविषयी ते फार बोलत नसत. एवढेच म्हणत, माझ्या उंबऱ्याच्या आत कुणाला पाणी मागायची पाळी आली तर ते घर माझे नाही.

तुझ्या आईने ही रीत माझ्यापेक्षा चांगली सांभाळली. लग्नानंतर ती एक्स्चेंजमध्ये लागली तेव्हा विश्रांतीच्या खोलीत तिच्यासाठी वेगळा पेला ठेवलेला होता. तिने अर्ज केला नाही, तक्रार केली नाही. घरून एक माठ नेला आणि पाळी संपवून येणाऱ्या प्रत्येकीसमोर, न विचारता, भरलेला पेला ठेवू लागली. उन्हाळा संपेपर्यंत तो वेगळा पेला कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. ही गोष्ट ती हसत सांगायची. यावरून समाज बदलला असे सिद्ध होत नाही, असे मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुम्ही सिद्ध करत बसा, मी माठ भरते."

तर प्रियदर्शनीच्या हातात पेला आला. तिच्या दुसऱ्या हातात रक्तदाब मोजायचे यंत्र होते. पेशंटचा हात आधी पाहावा म्हणून तिने तो पेला खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, पट्टा काढायला पिशवीत वाकली, आणि तुझ्या आईने डाव्या हाताने पेला उचलून तोंडाला लावला. मी त्या क्षणी बाहेरच्या खोलीत तुझ्याशीच फोनवर बोलत होतो आणि, मला आठवते, "सगळे व्यवस्थित आहे" असे सांगत होतो. द्वारकाने घरच्या रीतीप्रमाणे केले. प्रियदर्शनीने पेशंटला स्वतःच्या तहानेच्या आधी ठेवले. तुझी आई तहानलेली होती; तू गाळतोस ते विधान हे. यातले कुठलेही विधान खोटे नाही, कुठलेही कृत्य वाईट नाही, आणि निष्कर्ष न्यूमोनिया. तर्कशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांना मी शिकवत असे, की निष्कर्ष असह्य असेल तर एखादे आधारविधान चुकीचे असले पाहिजे, ते शोधा. मी शोधले. मला सापडले नाही.

तुला सापडले. तू आलास, अतिदक्षता विभागाच्या काचेतून आईला पाहिलेस, आणि ब्यूरोच्या चालकाला म्हणालास, "धिस इज बेसिक नर्सिंग." ते खरे आहे. तू प्रियदर्शनीला कामावरून काढायला लावलेस. तू घाबरलेला होतास, आणि घाबरलेल्या माणसाला एक नाव लागते. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण त्या दिवशी तू युक्तिवाद ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतास. परत जाण्यापूर्वी तू संगणक तिच्या खोलीत आणलास, त्यावर कॅमेरा बसवलास. तुझी संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. रोज सकाळी तू तिला पाहतोस आणि ती तुला. तू सांगितलेस, की खाटेच्या आसपास पाण्याचे भांडे दिसता कामा नये. ते सयुक्तिक होते. मी माठ मागच्या बाल्कनीत नेऊन ठेवला.

पुढचे तुला दिसलेले नाही. दुसऱ्यांदा घरी आणल्यापासून ब्यूरोने ज्या बायका पाठवल्या त्यांतली एक खाटेकडे पाठ करून टीव्हीवरच्या मालिका पाहायची, आणि दुसरीला नळी कुठे आहे हे तपासल्याशिवाय पेज सोडायची घाई असायची. मी ब्यूरोच्या चालकाला जाऊन भेटलो आणि प्रियदर्शनीला परत मागितले. तो म्हणाला, "सर, तुमच्याच मुलाने कम्प्लेंट केली ना?" मी म्हटले, तक्रार मुलाची आहे, पेशंट माझी आहे. ती आली तेव्हा दाराबाहेरच उभी राहिली. "मला भेव वाटते जी, आजोबा," म्हणाली, "दादांना समजलं तर?" तुला समजलेले नाही. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, उजवीकडे, कपाटाला टेकून जी बसते ती तीच. तू दिसू लागलास की ती कुजबुजते, "दादा पाहून राहिले जी," आणि खुर्ची आणखी मागे ओढते. तुझी आई ते पाहून, चेहऱ्याची जी एक बाजू हसू शकते तिने, हसते. ते हसू आपल्यासाठी आहे असे तुला वाटते. तू तसेच समज; अर्धे तुझेही असेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माठ मागे गेल्यापासून या घरात पाणी ही लपवायची वस्तू झाली. मी बाल्कनीत उभा राहून, आवाज होऊ न देता पितो. भेटायला येणाऱ्यांना दारातच खुणेने सांगतो. माणसे समजूतदार असतात. माझे जुने सहकारी श्यामसुंदर कुलकर्णी भर उन्हात आले, तासभर बसले आणि कोरड्या घशाने गेले, जाताना म्हणाले, "तात्याराव, तुमच्याकडे आज प्रथमच न मिळता चाललो. काही नाही, नोंद केली." द्वारका येते, पण ती पाण्याला शिवतसुद्धा नाही. मी तिला एकदा मागे बाल्कनीत बोलावले तर म्हणाली, "मी न्हाय पीत, दाजी. आक्काला न्हाय तर मला बी न्हाय. मीच दिला व्हता ना त्यो पेला." तिला समजावण्यासारखे माझ्याकडे बरेच होते. ती ऐकून घेते आणि पदराने तोंड पुसून लोणीची बस पकडते. एवढ्या उन्हात इतक्या लांब.

मागच्या आठवड्यात मच्छिंद्र गॅसचे सिलिंडर घेऊन आला. तुझ्या शाळेच्या दिवसांपासून तो येतो. सिलिंडर ठेवून, गमछ्याने तोंड पुसून तो सवयीने क्षणभर थांबला. मग त्याला आठवले असावे. "येतो सर, बाईंना सांभाळा," म्हणाला आणि जिना उतरून गेला. तोच तुझ्या आईने डाव्या हाताने कठडा बडवायला सुरुवात केली. मी धावलो. तिला तहान लागली असे धरून ओला गॉज पुढे केला. तिने तो ढकलला. नळीचा त्रास होत असेल म्हणून नळी पाहिली. तिने माझा हात झटकला. ती दाराकडे बोट दाखवत होती, मग माठ जिथे असे त्या रिकाम्या कोपऱ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. मी नेहमीप्रमाणे निष्कर्ष काढला: तिला पाणी हवे आहे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती कठडा बडवत राहिली, आणि मी तिला समजावत राहिलो, की पाणी दिले तर काय होईल. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की मी बोलायचा थांबलो. परीक्षेत चांगल्या विद्यार्थ्याने प्रश्नच चुकीचा वाचावा तेव्हा मी त्याच्याकडे तसा पाहत असे.

मला शंका आली आणि मी ती पडताळून पाहिली. शनिवारी द्वारका आली. ती उंबऱ्यात पाऊल टाकते तोच कठडा वाजू लागला. मी काही न बोलता मागे गेलो, पेला भरला आणि आणून, तुझ्या आईच्या डोळ्यांसमोर, द्वारकाच्या पुढे ठेवला. कठडा थांबला. द्वारका म्हणाली, "न्हाय दाजी, माझी शपथ हाय." तुझ्या आईने डावा हात उचलून तिला खूण केली, पी. द्वारका नको म्हणत राहिली. तुझी आई खूण करत राहिली. शेवटी त्या बाईने तो पेला दोन्ही हातांत धरला आणि रडत रडत, निम्मे पदरावर सांडत, प्यायला. तुझी आई शेवटच्या घोटापर्यंत पाहत होती. पेला खाली ठेवला गेला तेव्हा तिने हात हळूहळू आपल्याकडे वळवला आणि बोटे स्वतःच्या ओठांना लावली. एकदाच. मग हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली. म्हणजे महिनाभर मी तिची जी एक मागणी ऐकत होतो त्या दोन मागण्या होत्या, आणि क्रमही ठरलेला होता. आधी दारातल्या माणसाला, मग तिला. तिच्याकरिता म्हणून मी तिच्याच घरातली रीत मोडली होती, आणि ती मोडलेली पाहत, हात बांधून घेऊन, ती तिथे पडून होती.

माठ मी पुन्हा जागेवर आणला आहे. तुझ्या कॅमेऱ्यातून तो दिसत नाही.

त्यानंतर मी डॉक्टरांना भेटलो आणि जे विचारायला इतके दिवस धजत नव्हतो ते विचारले. त्यांनी सरळ उत्तर दिले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गिळण्याची शक्ती परत येण्याची आशा आता फार थोडी आहे. नाकातली नळी कायम ठेवता येत नाही. पुढे पोटाला छिद्र पाडून नळी बसवावी लागेल. ती बसवली तरी थुंकी श्वासनळीत जाणे थांबणार नाही, म्हणजे न्यूमोनिया पुन्हा होणार नाही असे कुणी सांगू शकत नाही. पाणी दिले तर तो लवकर होण्याचा संभव वाढतो. किती वाढतो? "सर, त्याचा आकडा मी देऊ शकत नाही. काही घरांत लोक तरीही देतात. बसवून, हनुवटी खाली करून, अर्धा चमचा. पेशंटला हवे असते म्हणून देतात." मी विचारले, तुम्ही काय कराल? ते म्हणाले, "माझी आई असती तर मला माहीत नाही, आणि पेशंट असती तर मी देऊ नका म्हणेन." या वाक्यात विसंगती आहे, हे त्यांनाही दिसत होते.

मग मी तिलाच विचारले. हे वाचून तू चिडशील, की आईला यात कशाला ओढले. तिला विचारल्याशिवाय तिचे पाणी तोडले तेव्हा हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडला नव्हता. होय असेल तर माझा हात एकदा दाब, नाही असेल तर दोनदा, असे ठरवले. विधान आणि त्याचा नकार मी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शब्दांत विचारले, म्हणजे ती नुसतीच हात दाबत नाही ना हे कळावे. पोटात नळी बसवायची का? नाही. पोटातली नळी नको असे तुला वाटते का? होय. पाण्याने छाती पुन्हा भरेल, त्या काचेच्या खोलीत पुन्हा जावे लागेल, हे तुला समजते का? होय. तरी पाणी हवे? होय. आज राहू दे, पुढच्या महिन्यात पाहू, चालेल का? नाही. दुसऱ्या सकाळी मी हेच प्रश्न उलट्या क्रमाने पुन्हा सुरू केले तेव्हा तिने माझा हात सोडला आणि माझ्याच तोंडावर बोट ठेवले. प्रियदर्शनी म्हणाली, "आजी म्हणून राहिल्या, परीक्षा पुरे." तिचे उत्तर सुसंगत आहे, बुद्धभूषण. अस्थिर आहे ते माझे.

कारण तुझा युक्तिवाद दुबळा नाही. तो मी तुझ्यासाठी मांडून दाखवतो, तुझ्याहून बरा. जिवंत आई आणि तहानलेली आई यांत निवड करायची तर तहानलेली आई पुन्हा पाहता येते, नसलेली पाहता येत नाही. जे परत घेता येत नाही ते करण्यापूर्वी थांबावे. शिवाय तू दूर आहेस, त्या काचेमागे मी तिला एकटीला ठेवून घरी येईन तेव्हा तू विमानात असशील, आणि ती भीती माझ्या वाट्याला नाही, तुझ्या आहे. या सर्वांचे माझ्याकडे खंडन नाही. माझ्याकडे फक्त एक प्रतिविधान आहे, की ती माझ्याशेजारी पडलेली आहे आणि मागते आहे.

माझ्या बाजूत एक भोक आहे तेही सांगतो, कारण तू ते शोधशीलच. पाण्यानंतर तिचा श्वास कोंडला, ताप चढला, तर मी तिला पुन्हा इस्पितळात नेणार का? नेले, तर हे सगळे कशासाठी केले? न नेले, तर मी या खाटेशी बसून काय पाहणार? हा प्रश्न मी तिला विचारणार होतो. दोनदा हात हातात घेतला. तो विचारता आला नाही. बाकी सगळे प्रश्न मी तिला उलटसुलट विचारले, आणि ज्याच्या उत्तराची खरी गरज आहे तोच विचारता आला नाही. तुझ्या बापाच्या तर्कशास्त्राची मर्यादा तुला पाहायची असेल तर ती इथे आहे.

येत्या गुरुवारी सकाळी मी तिला पाणी देणार आहे. दिवस निवडताना पौर्णिमा वगैरे पाहिलेली नाही. गुरुवारी डॉक्टर गावात असतात आणि प्रियदर्शनीची दिवसपाळी असते. पाणी प्रियदर्शनी देणार नाही. मी तिला विचारलेही नव्हते, तीच म्हणाली, "मी नाही देणार जी, माझ्यानं होणार नाही. पण मी आजीला नीट बसवून देईन, कफ ओढायची मशीन लावून बाजूला उभी राहीन." तेव्हा हे नीट वाचून ठेव: निर्णय तुझ्या आईचा आहे, चमचा माझ्या हातात असेल, आणि ती मुलगी बाजूला उभी असेल. पुढे काही झाले आणि तुला पुन्हा एक नाव लागले, तर ते माझे घे. तिचे घेऊ नकोस. त्या सकाळी कॅमेरा बंद असेल. वीज गेली असे मी सांगणार नाही. द्वारकाला बोलावले आहे. आधी पेला तिच्यापुढे ठेवीन, म्हणजे क्रम चुकणार नाही. आता ते तिसरे कारण. कुरिअरने हे पत्र तुला दोन दिवसांत, गुरुवारच्या आधी, मिळाले असते आणि टपालाने दहा-बारा लागतात, हे मी चौकशी करून घेतले आहे. मी टपाल निवडले आहे, कारण तू नको म्हणालास तर मी थांबेन, आणि मी थांबलो तर ती पुन्हा हात पुढे करेल आणि मी तो बांधीन. तू हे वाचशील तेव्हा तुझी आई पाणी प्यायलेली असेल. त्यानंतर काय झाले ते तुला फोनवर आधीच कळलेले असेल, मला आज ते ठाऊक नाही. तुझ्या आजोबांच्या उंबऱ्याच्या आत आजवर पाणी मागावे लागलेली ती एकटीच आहे. गुरुवारी मी तिला विचारणार नाही. नुसता पेला पुढे ठेवीन.

तुझाच,
तात्या